सात नंबर टॉवरमधली लोकर

दिनांक २१/०७/२०२५, वेळ सकाळी ११.४०

नाव सौ. साधना ज्योतिबा शेंडगे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी, पवनचक्की प्रकल्पात कंट्रोल रूम ऑपरेटर, राहणार शेंडगेवस्ती, वाघमाळ, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

मला कोणी बोलावणे धाडलेले नसताना मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून हवालदार सुषमा मॅडम यांच्यासमोर सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर पती ज्योतिबा, सासूबाई म्हाळसाबाई व दोन मुली यांच्यासह राहते. आमचा मूळ धंदा मेंढपाळीचा. आता चाळीसएक मेंढरे उरली आहेत, बाकी कांदा आणि दोन म्हशी. माझे शिक्षण बारावीपर्यंत व त्यानंतर पाबळ येथे इलेक्ट्रिकचा एक वर्षाचा कोर्स. वाघमाळच्या पठारावर एका खासगी कंपनीच्या अकरा पवनचक्क्या आहेत, त्यांना आम्ही टॉवर म्हणतो. ज्या माळावर माझ्या सासऱ्यांची मेंढरे चरत होती तिथेच ते उभे आहेत, म्हणून स्थानिक या नात्याने सहा वर्षांपूर्वी मला तिथे कामावर घेतले. पहिली दोन वर्षे मी चहापाणी आणि हजेरीचे रजिस्टर बघितले. स्क्रीनवरचे आकडे साहेबांच्या आधी मला कळायला लागले तेव्हा मला कंट्रोल रूममध्ये बसवले. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढे त्याचा संबंध येतो.

यातील मयत शंभू सोपानराव बनकर, वय ३४ वर्षे, राहणार खुटबाव, तालुका दौंड, हे त्याच साइटवर पाच वर्षांपासून सीनियर टेक्निशियन होते. मी त्यांना शंभूदादा म्हणत असे. हवालदार मॅडम म्हणाल्या की कागदावर मयत असेच लिहितात. मी म्हटले, तुम्ही लिहा, माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही. म्हणून यापुढे मी म्हणते तसेच लिहिले आहे. शंभूदादांच्या घरी शेवंती आणि झेंडूचे प्लॉट आहेत. सकाळी फुलांना पाणी देऊन ते मोटारसायकलवर साइटला येत. कंट्रोल रूमच्या दारात उभे राहून रोज एकच विचारत, "साधनाताई, आज टीव्हीवर काय लागलंय?" टीव्ही म्हणजे माझी स्क्रीन. मी म्हणायची, सिरीयल तीच आहे, तुम्ही फक्त जिना चढा. जिना म्हणजे ऐंशी मीटरची उभी शिडी.

मला मशीनबाबत विचारल्यावरून सांगते. टॉवरच्या डोक्यावर एसटीच्या निम्म्याएवढा बंद डबा असतो, त्याला नॅसेल म्हणतात. त्यात मागच्या बाजूला जनरेटर बसवलेला असतो. वीज तयार होताना जनरेटरच्या आतल्या तारांची वेटोळी तापतात. ती गार राहावीत म्हणून एक पंखा बाहेरची हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर धूळ जाऊ नये म्हणून वाटेत जाळीच्या चौकटीत फिल्टरची गादी असते. गादी चोंदली की हवा कमी, हवा कमी की गरमी जास्त. लोकांना वाटते, एवढ्या वाऱ्यात उभी असलेली मशीन तापेल कशी? पण वारा लागतो पात्यांना. जनरेटर डब्यात कोंडलेला असतो, त्याला पंखा देईल तेवढीच हवा. नेहमी तो एकशे दहा ते एकशे पंधरा डिग्रीवर चालतो. एकशे पस्तीसला माझ्या स्क्रीनवर अलार्म वाजतो आणि एकशे पंचेचाळीसला मशीन आपोआप बंद होते. हे कंपनीने ठरवून दिलेले आकडे आहेत.

दोन वर्षांपूर्वी पठाराच्या पश्चिमेला खडी क्रशर सुरू झाला. तेव्हापासून आमच्या फिल्टरच्या गाद्या सहा महिन्यांऐवजी दीड महिन्यात भरू लागल्या. मागच्या डिसेंबरनंतर नवीन गाद्या आल्याच नाहीत. मी तेरा मेल केले. "प्रोसेसमध्ये आहे" एवढे एकच उत्तर तेरा वेळा आले. मार्चअखेर सात नंबर टॉवर दुपारी बारा ते चार रोज बंद पडायला लागला. साइट इनचार्ज रुद्र कान्हेरे, वय अंदाजे ३२, राहणार पुणे, हे फोनवर म्हणायचे, "तुमचं तुम्ही काहीतरी बघा." शंभूदादांनी आधी गोणपाट लावून पाहिले, त्यातून हवाच जाईना. मग माझी जुनी सुती साडी लावली, तर धूळ सरळ आत.

लोकर लावायची कल्पना माझी. शंभूदादांची नाही. हे वाक्य मी मॅडमना दोनदा लिहायला सांगितले, त्या म्हणाल्या एकदा पुरे आहे. आमच्या वस्तीवर कडबाकुट्टीच्या मोटरीत धूळ जाऊ नये म्हणून मालक, म्हणजे माझे पती, तिच्या जाळीला पिंजलेली लोकर लावतात. बारा वर्षे मोटर जळलेली नाही. मी हे शंभूदादांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हंजी आता पवनचक्कीला घोंगडं पांघरायचं?" मी म्हटले, पांघरायचं नाही, नाकाला लावायचं.

हल्ली लोकरीला कोणी विचारत नाही. मेंढरे कातरली की ती बांधावर टाकून देतात. सासूबाईंनी मात्र दोन पोती घरात जपून ठेवली होती. मी त्यांना सांगितले की कंपनीत गाद्या-उशा भरायला लोकर पाहिजे. खोटे बोलले. खरे कारण सांगावेसे वाटले नाही, कारण त्यांना पंखा आणि जनरेटर काय समजणार असे मला वाटले. दुसरे, त्या गावभर सांगत सुटतील की सूनबाईच्या कंपनीला धनगराची लोकर लागते, आणि ते ऑफिसात कळले की हसे होईल, याचीही मला लाज वाटली. सासूबाई आठ दिवस ओट्यावर बसून लोकर पिंजत होत्या. त्यांना इतक्या आनंदात मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शंभूदादांनी सात नंबरला लोकर बसवली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आकडा एकशे बारा होता. कान्हेरे साहेब स्वतः वर चढले, फोटो काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "देसी जुगाड, सलाम टीम वाघमाळ." त्यावर सव्वीस जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले. फोटोत लोकर स्वच्छ दिसते. ग्रुपवरून तो फोटो १७ जुलैच्या संध्याकाळी काढून टाकला आहे, पण माझ्या फोनमध्ये आहे आणि तो फोन मी मॅडमना दाखवला आहे. मे महिन्यात अकराही टॉवरना लोकर लागली. महिन्याला काढून झटकायची असे आम्ही दोघांनी ठरवले. शेवटची झटकली ती २ जूनला, तेव्हा ती कोरडी आणि फुललेली होती.

पावसाळा हा आमचा वाऱ्याचा सीझन. वारा जोरात असताना वर चढायला बंदी आहे आणि ती बरोबर आहे. या वर्षी १० जूनपासून वारा उतरलाच नाही. पठारावर दिवसभर ढग लोळत होते, बारीक झिमझिम, नॅसेलच्या झडपांतून ओल आत जात होती. ३० जूनला सात नंबरचा आकडा एकशे वीसच्या वर गेला. ३ जुलैला अलार्म वाजला. मी कान्हेरे साहेबांना फोन केला की मशीन थांबवून ठेवावी. ते म्हणाले, "सीझनला मशीन उभी ठेवतात का? लिमिट वाढव." अलार्म एकशे पन्नास आणि बंद होण्याचा आकडा एकशे साठ करायला सांगितले. मी विचारले, मेल करता का? म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी माझ्या पासवर्डने दोन्ही आकडे बदलले. ते बदलणे चूक आहे हे मला त्या वेळी माहीत होते.

दिनांक १७/०७/२०२५ रोजी सकाळी वारा बराच उतरला. शंभूदादा म्हणाले, आज चढून बघतो. नियमाने वर दोन माणसे लागतात. दुसरा टेक्निशियन महिनाभर दुसऱ्या साइटला पाठवलेला होता. खाली जीपजवळ ड्रायव्हर हौशीराम, वय ५२, हे होते. वरून दोरीने उतरायचे सुटकेचे किट प्रत्येक टॉवरला पाहिजे. आमच्याकडे एकच होते आणि ते जूनमध्ये ऑडिटला दाखवायला म्हणून दुसऱ्या साइटला नेले ते परत आले नाही. १०.१० ला मी सात नंबर बंद केला. १०.४५ ला शंभूदादा वर पोहोचले.

वॉकीटॉकीवर त्यांचे माझे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे सांगते.

"साधनाताई, लोकर जाग्यावर हाय. भायेरनं तर एकदम झाक दिसती. जरा घट्ट बसलीया, पर धूळबीळ काय न्हाई."

मी म्हटले, मग गरम का होते?

"मला वाटतंय पंखाच दमलाय. चालू करा, आवाज ऐकतो त्याचा."

मी म्हटले, आधी खाली या, मग चालू करते. नियम तसा आहे.

"आवो ताई, खाली येऊन परत चढायचं म्हंजी गुडघं काय कंपनी देणार हाय का? करा तुम्ही. मी पंख्याकडंच उभा हाय."

असे आम्ही यापूर्वीही केलेले आहे. साइटवर सगळे करतात. ११.०५ ला मी माझ्या टेबलावरून सात नंबर चालू केला. वरून शंभूदादांनी चालू केलेला नाही. स्क्रीनच्या मेमरीत "स्टार्ट, रिमोट" असे वेळेसह आले होते, त्याचा मी त्याच दुपारी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी ते पान उघडत नव्हते. फाइल खराब झाली असे मला सांगण्यात आले.

११.२० ला आकडा एकशे अठ्ठेचाळीस झाला. ११.२४ ला शंभूदादा म्हणाले, "ताई, वास यायलाय. वार्निश जळल्यावानी." त्या वेळी आकडा एकशे बावन्न होता आणि अलार्म वाजत होता. मी कान्हेरे साहेबांना मोबाईलवर फोन केला व बंद करू का असे विचारले. ते म्हणाले, "लिमिट किती आहे?" मी म्हटले, एकशे साठ. "मग? दहा मिनिटं चालू दे, मला पूर्ण रिडिंग पाहिजे." मी वॉकीटॉकीवर शंभूदादांना निरोप दिला की साहेब दहा मिनिटे थांबायला सांगतात. ११.२८ ला स्क्रीनवर जनरेटरमध्ये शॉर्टसर्किट असे आले आणि सात नंबरची सगळी ओळ काळी झाली.

मी बाहेर पळत गेले. कंट्रोल रूमपासून सात नंबर दीड किलोमीटरवर आहे आणि समोर दिसतो. डब्याच्या मागच्या अंगातून धूर येत होता. आधी पांढरा, मग काळा. वॉकीटॉकी माझ्या हातात होती आणि मी बोलत होते. काय बोलत होते ते सांगता येत नाही. हौशीराम मामा शिडीने वर निघाले होते, पण तिसऱ्या टप्प्यापासून धूर खाली आला म्हणून त्यांना परत फिरावे लागले. त्यांचे वय आणि दमा बघता ते तिथवर गेले हेच खूप आहे. १२.५० ला औद्योगिक वसाहतीतून बंब आला. पाण्याचा फवारा टॉवरच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोहोचला नाही. बंबावरचे लोक पाणी बंद करून आमच्याबरोबर वर बघत उभे राहिले. आग आपोआप विझली तेव्हा अडीच वाजले होते. शंभूदादा शिडीच्या वरच्या फळीवर मिळाले. ते शिडीपर्यंत आलेले होते. संध्याकाळी पाचनंतर त्यांना खाली आणले, ते मी बघितले.

१८ तारखेला कंपनीचे तीन अधिकारी आले. त्यांनी टाइप करून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात लिहिले होते की, टेक्निशियनने कोणालाही न विचारता जनरेटरला ज्वलनशील वस्तू लावली, तसेच नियम मोडून वरून स्वतःच्या हाताने मशीन चालू केली, आणि त्यातून दुर्घटना घडली. कान्हेरे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "साधना, यात तुझं नाव कुठंच नाही. तुझ्या दोन मुली आहेत. गेलेला माणूस सही करून परत येणार आहे का?" मी सही केली. ती माझीच सही आहे, मला कोणी मारहाण केली नाही किंवा कोंडून ठेवले नाही. आज मी सांगते की त्या कागदातली दोन्ही वाक्ये खोटी आहेत.

ज्वलनशील याबाबत विचारले म्हणून सांगते. लोकर पेटत नाही. काडी लावली तर वास मारते, आकसते आणि विझते. मेंढरे राखणाऱ्या कोणालाही विचारा, साहेबांना विचारू नका. लोकरीने आग लावली नाही, लोकरीने हवा अडवली. ती कशी, हे मला १९ तारखेला कळले.

त्या दिवशी बाकीच्या टॉवरमधली लोकर घाईघाईने काढून जाळायला खाली टाकली होती. चार नंबरचा तुकडा मी पिशवीत घालून घरी आणला. लोकर ढिली नव्हती. बोटभर जाड, पुठ्ठ्यासारखा एकसंध पट्टा झाला होता. सासूबाई ओट्यावर होत्या. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "कुणाच्या हातची जेन हाय गं ही? किती ग्वाड जमलीया. आता कुणी जमवीत न्हाई आशी."

मॅडमना जेन माहीत नाही म्हणून सांगते. जेन हे लोकरीचे जाड अंथरूण. ते विणत नाहीत. लोकर पिंजून पसरायची, कोमट पाणी शिंपडायचे, गुंडाळायचे आणि तासन् तास घोळत राहायचे. ओल, ऊब आणि घोळणे, एवढ्यावर केस न् केस एकमेकांत अडकतो आणि असा बसतो की त्यातून पाणी खाली उतरत नाही. माझ्या सासूबाईंनी उभा जन्म हे केले. वर त्या डब्यात पावसाळ्याची ओल होती, जनरेटरची ऊब होती आणि मशीनची थरथर दिवसरात्र चालू होती. महिनाभर अकरा टॉवर जेन जमवत होते आणि मी खाली बसून पंख्याला दोष देत होते. कडबाकुट्टीची मोटर छपराखाली कोरडी असते, हा साधा फरक माझ्या ध्यानात आला नाही. मी त्याच घरात दहा वर्षे नांदते.

मी सासूबाईंना सगळे खरे सांगितले. लोकर उशांना नेली नव्हती, कुठे लावली होती, काय झाले. त्यांनी तो तुकडा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला एक डाव इचारलं आस्तंस." पुढे त्या रात्री जेवल्या नाहीत.

काल २० तारखेला मी पतीबरोबर खुटबावला शंभूदादांच्या घरी गेले. तिथे त्यांचे वडील सोपानराव, पत्नी धनश्री व सात वर्षांची मुलगी समृद्धी आणि भावकीतले लोक होते. कंपनीची माणसे त्या घरी आदल्या दिवशी येऊन गेली होती. सोपानराव आबांनी मला जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, "पोरी, ते सायेब म्हणत्यात, शंभूनं सोताच्या हातानं मशीन चालू केली. तू तितं व्हतीस. खरं हाय का?" मग तेच पुढे म्हणाले, "त्या दिशी शेवंतीला पानी दिऊन गेला. घाईत व्हता, तरी मोटर बंद कराया इसरला न्हाई. आसा मानूस येडेपना करंल व्हय? आन् केला आसंल तर तसं सांग. एकदा कळू दे, म्हंजी मी त्याच्यावर रागवाया मोकळा." मी म्हटले, आबा, मला माहीत नाही. आत धनश्री भिंतीला टेकून बसली होती, तिने माझ्याकडे बघितले. तिला कळले की मी खोटे बोलते आहे, असे मला वाटले.

परत येताना चौफुल्याला मी मालकांना मोटारसायकल थांबवायला सांगितली आणि मी सही केल्याचे त्यांना तिथे सांगितले. तोपर्यंत त्यांना माहीत नव्हते. आमच्या वस्तीवर महिन्याच्या महिन्याला पगार येणारी मी एकटी आहे. आज सकाळी त्यांनी गाडी काढली आणि "बस" म्हणाले. ते बाहेर बाकावर बसले आहेत.

हवालदार मॅडमनी मला समजावले आहे की हा जबाब माझ्या विरुद्ध जाऊ शकतो, वकिलाशी बोलून मग दिला तरी चालेल. मी म्हटले, वकील शहाणा असला तर मला गप्प बसवेल.

कान्हेरे साहेबांनी मला दहा मिनिटे थांबण्याची सक्ती केली काय, असे विचारल्यावरून सांगते. त्यांनी सांगितले, हे खरे आहे. पण वर माणूस असताना मशीन थांबवायला कोणाची परवानगी लागत नाही. नवीन ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी मीच त्याला हे शिकवते. लाल बटण माझ्या टेबलावर उजव्या हाताला आहे. ११.२४ ला वास येतो म्हटल्याबरोबर मी ते दाबायला पाहिजे होते. मी मोबाईल उचलला. कारण विचारता, त्या दिवशी माझ्या शिफ्टला एकही टॉवर बंद न पडल्याचा एक्केचाळिसावा दिवस होता. तपासणीसाठी बंद केला तर तो मोजत नाहीत, गरमीने बंद पडला तर मोजतात. पुढच्या महिन्यात मला शिफ्ट इनचार्ज करणार होते. असे पद आमच्या वस्तीत कोणाला मिळालेले नाही. ते आकडे माझ्या डोक्यात होते. मला माझा राग येतो, आणि तो कोणाला देता येत नाही.

मी दहा मिनिटांचा निरोप दिल्यावर शंभूदादा काय म्हणाले, असे शेवटी विचारल्यावरून सांगते. हे मी आजपर्यंत पतीलाही सांगितलेले नाही. साहेबांचा फोन शंभूदादांना ऐकू येत नव्हता. त्यांना फक्त माझा आवाज ऐकू येत होता. साहेबाचे नाव ऐकून ते थांबले असते असे मला वाटत नाही, साहेबाचे ते कधी ऐकत नसत. त्यांनी विचारले, "तुम्हाला काय वाटतंय ताई? थांबू का उतरू?" समोर आकडा एकशे त्रेपन्न होता. मी म्हटले, थांबा. ते म्हणाले, "बरं."

एवढेच मला सांगायचे होते. मी बोलले तसे संगणकावर मराठीत उतरवून घेतले, ते मला सुरुवातीपासून वाचून ऐकवले. एक दुरुस्ती मी सांगितली ती केली आहे. "थांबण्यास सांगण्यात आले" असे लिहिले होते, तिथे "मी थांबा म्हटले" असे लिहून घेतले. आता जबाब माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

समक्ष
सुषमा, पोलीस हवालदार

सांगणार
साधना ज्योतिबा शेंडगे